मुंबई ते लंडन किती लांब?

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. त्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं लंडनवर ठेवा आणि दोरा हळूहळू ताणा. ढिला दोरा आपोआप सरकत जातो आणि एका जागी घट्ट बसतो. ती जागा पाहून बहुतेक जण चक्रावतात. अरबी समुद्र, मग अरबस्तान, मग भूमध्य समुद्र असा हा दोरा जातच नाही. मुंबईतून तो वायव्येला निघतो. सौराष्ट्र आणि कच्छवरून कराचीच्या शेजारून पुढे सरकतो, इराण ओलांडून कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण भागात शिरतो. जॉर्जियातल्या तिबिलिसी शहराच्या आसपास प्रवासाचा मध्य येतो. पुढे क्रिमिया, मग युक्रेनचा पश्चिम भाग, जर्मनी आणि शेवटी लंडन.

आता भिंतीवरचा जगाचा नकाशा घ्या आणि याच दोन शहरांवर पट्टी ठेवून रेघ मारा. ही रेघ अरबी समुद्रावरून इराणच्या आखाताकडे जाते, बगदादजवळून पुढे सरकते, इस्तंबूलच्या बाजूने युरोपात शिरते. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या ज्या नकाशात सगळी अक्षवृत्तं-रेखावृत्तं सरळ आडवी-उभी असतात, त्यावरची ही गोष्ट आहे. कागदावर ही रेघ सरळ दिसते आणि दोऱ्याची वाट वाकडी. प्रत्यक्षात उलट आहे. पट्टीची वाट दोऱ्याच्या वाटेपेक्षा सुमारे २०० किलोमीटर लांब पडते. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची तर कुठेतरी ताणावी लागते, आणि या नकाशात ती उत्तरेकडे जास्त ताणली जाते. म्हणून युरोपातलं आणि रशियातलं अंतर डोळ्यांना फुगलेलं दिसतं आणि उत्तरेकडची वाट लांबची वाटते.

दोऱ्याच्या या वाटेला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृथ्वी कापली की पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं, ते बृहद्वृत्त. कुठल्याही दोन शहरांमधली सर्वांत जवळची वाट अशा वर्तुळाचा तुकडा असते. तिचं अंतर काढायची युक्ती फार सुंदर आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून मुंबईपर्यंत एक रेषा कल्पा, लंडनपर्यंत दुसरी. या दोन रेषांमध्ये जवळजवळ ६५ अंशांचा कोन होतो. सागरी मैल मुळात पृथ्वीच्या परिघावरूनच ठरवलेला असल्यामुळे वर्तुळाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. ६५ गुणिले ६० म्हणजे ३,९०० सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. म्हणजे झाले सुमारे ७,२०० किलोमीटर. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर दोन गुणाकारांत निघतं, हे मला आजही आनंदाचं वाटतं. विमान जमिनीपासून ११ किलोमीटर उंचीवरून जातं म्हणून अंतर किती वाढत असेल, अशी शंका कुणाला आली तर उत्तर आहे जेमतेम १२ किलोमीटर.

याच वाटेची आणखी एक गंमत आहे. लंडनहून मुंबई आग्नेयेला आहे, हे लहान मूलही नकाशा पाहून सांगेल. पण लंडनहून दोऱ्याच्या वाटेने निघालेल्या विमानाचं तोंड सुरुवातीला जवळजवळ थेट पूर्वेला असतं. दक्षिणेकडे ते वाटेत हळूहळू वळत जातं. बृहद्वृत्तावर सरळ जायचं तर होकायंत्रावरची दिशा सतत बदलत राहावी लागते.

तर अंतर ठरलं, ७,२०० किलोमीटर. आता वेळ. लांब पल्ल्याचं आधुनिक जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार करा, ८ तास. पण मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाचं वेळापत्रक उघडलं तर साडेनऊ-दहा तास लिहिलेले असतात, आणि परतीच्या विमानाला नऊच्या आसपास. अंतर तेच, विमान तेच, मग हे वरचे तास कुठून आले आणि जाता-येता फरक का पडतो, हा या प्रकरणाचा खरा विषय आहे.

थोडा वेळ जमिनीवरच जातो. वेळापत्रकातली वेळ विमान गेटपासून हलतं तेव्हा सुरू होते आणि दुसऱ्या गेटला लागल्यावर संपते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानं रांगेत उभी राहतात. लंडनच्या हीथ्रो विमानतळाची अडचण दुसऱ्या टोकाला आहे. तिथे उतरायला जागा नसेल तर विमानांना शहराभोवतीच्या चार ठरलेल्या जागांपैकी एखादीवर, एकाच्या वर एक अशा थरांत, घिरट्या घालत ठेवतात. सर्वांत खालचं विमान उतरायला गेलं की बाकीची एकेक थर खाली सरकतात. या घिरट्या आणि या रांगा धरूनच कंपन्या वेळ छापतात. म्हणून कधीकधी वैमानिक आपण वीस मिनिटं लवकर पोहोचल्याचं सांगतो. त्या दिवशी रांग लागली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बाकीचा हिशोब मोठा आहे आणि तो वाऱ्याचा आहे.

शाळकरी मुलं एक प्रश्न हटकून विचारतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मुंबईची जमीन ताशी जवळजवळ १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेला धावते आहे, लंडनची १,०४० च्या आसपास. मग पश्चिमेला निघालेल्या विमानाने नुसतं हवेत थांबून राहावं, लंडन आपोआप खाली येईल! यावर नेहमीचं उत्तर असं की पृथ्वीबरोबर हवाही फिरते. डेक्कन क्वीनच्या डब्यात उडणारी माशी काही डब्याच्या मागच्या भिंतीवर जाऊन आदळत नाही. उत्तर बरोबर आहे, पण इथेच थांबलं तर मुलावर थोडा अन्याय होतो. कारण त्याच्या प्रश्नात सत्याचा मोठा अंश आहे. विषुववृत्ताजवळची तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे निघते, तेव्हा पूर्वेकडे धावण्याचा आपला मोठा वेग ती बरोबर घेऊन जाते. उत्तरेकडची जमीन तर कमी वेगाने फिरत असते. त्यामुळे ही हवा जमिनीच्या पुढे धावू लागते, म्हणजेच पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा तयार होतो. पृथ्वीचं फिरणं प्रवासाचा वेळ बदलतं, हे खरंच आहे; फक्त मुलाला वाटतं त्याच्या उलट दिशेने. पूर्वेकडे जाणाऱ्याला ते मदत करतं आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवतं.

या वाऱ्याच्या अरुंद, वेगवान पट्ट्याला जेट प्रवाह म्हणतात. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमका विमानांच्या उंचीवर, तो वाहतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरच्या प्रवाहाच्या गाभ्यात वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. जपानमधल्या तातेनो वेधशाळेचे वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात आकाशात फुगे सोडून त्यांचा माग काढला आणि हा वारा मोजला. जगाला कळावं म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केला, आणि त्यामुळेच तो जवळजवळ कुणी वाचला नाही. १९४४ मध्ये जपानवर उंचावरून बॉम्ब टाकायला आलेल्या अमेरिकी विमानांना हा वारा अनपेक्षितपणे भेटला, तेव्हा कुठे त्याची दखल घेतली गेली. मला यात ओइशींवरचा अन्याय मोठा वाटतो. जी माहिती दोन दशकं छापील स्वरूपात पडून होती, ती पुन्हा शोधायला युद्ध लागलं.

आपल्याकडची गोष्ट त्याहून वेगळी आहे आणि ती अधिक लोकांना माहीत असायला हवी. जूनमध्ये मोसमी पाऊस येतो त्या सुमारास हा पश्चिमी जेट प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारताच्या आकाशात, आणखी उंचावर, उलट्या दिशेचा म्हणजे पूर्वेकडून येणारा जेट प्रवाह सुरू होतो. याचा सविस्तर अभ्यास पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये मांडला. पुढे ते भारतीय हवामान खात्याचे महासंचालक झाले. म्हणजे जुलैत मुंबईवरचा उंचावरचा वारा लंडनला निघालेल्या विमानाला पहिल्या टप्प्यात थोडा हात देतो, आणि डिसेंबरात तसं काही होत नाही. एकाच मार्गावर एकाच कंपनीच्या उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकांत काही मिनिटांचा फरक दिसतो, त्यामागचं एक कारण हे असतं.

कुणी म्हणेल, जाताना वारा समोरून, येताना पाठीमागून. शेवटी गोळाबेरीज सारखीच. तशी ती होत नाही. हिशोब करून पाहा. वारा नसेल तर ७,२०० किलोमीटर ताशी ९०० च्या वेगाने जाऊन-येऊन १६ तास. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा धरा. जाताना वेग ८००, म्हणजे ९ तास. येताना १,०००, म्हणजे ७ तास १२ मिनिटं. बेरीज १६ तास १२ मिनिटं. बारा मिनिटं गेली ती गेलीच. कारण उघड आहे. समोरचा वारा हळू जायला लावतो, म्हणून त्याच्यात जास्त वेळ राहावं लागतं. मागचा वारा लवकर पुढे नेतो, म्हणून त्याचा फायदा कमी वेळ मिळतो. वारा कितीही कमी-जास्त असो, फेरीत तो नेहमी थोडा वेळ घेतोच.

म्हणून विमानाचा मार्ग रोज नव्याने आखतात. उड्डाणाआधी काही तास हवामान खात्यांचे वाऱ्याचे नकाशे संगणकात घालून, ज्या वाटेने इंधन आणि वेळ कमी लागेल ती वाट काढतात. ती बहुधा दोऱ्याची वाट नसते. याचं सर्वांत ठळक भारतीय उदाहरण मुंबईचं नाही, दिल्लीचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते उलट दिशेने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. ही वाट हजारावर किलोमीटर जास्त लांब होती, तरी पाठीमागच्या वाऱ्यामुळे प्रवास जवळजवळ दोन तासांनी कमी झाला.

मुंबई-लंडन वाट मात्र वाऱ्याच्या आधीपासून माणसांनी बांधलेली आहे. हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीपर्यंत नियमित सेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा. त्यात बाझेल ते जिनोआ हा टप्पा चक्क रेल्वेने करावा लागे, आणि जिनोआहून पुढे समुद्रावर उतरणारं विमान. तेव्हा बोटीला सुएझमार्गे दोनेक आठवडे लागत, त्यामुळे सात दिवस हे आश्चर्यच होतं. कराचीत आलेली टपाल पुढे न्यायची म्हणून जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पुस मॉथ जातीचं छोटं विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. भारतातल्या विमानसेवेची सुरुवात म्हणून ही घटना आपण जाणतो. ती मुळात लंडन-मुंबई या वाटेचा शेवटचा तुकडा होती, हे मात्र क्वचित सांगितलं जातं.

त्याच १९३२ साली या वाटेवर दुसरी एक घटना घडली, आणि माझ्या मते ती तितकीच महत्त्वाची आहे. इराणने आपल्या किनाऱ्यावरून जायची परवानगी चालू ठेवायला नकार दिला. इम्पीरियल एअरवेजला सगळी वाट आखाताच्या पलीकडे, अरबी किनाऱ्यावर हलवावी लागली. शारजाच्या वाळूत विमानतळ उभा राहिला तो यामुळे. म्हणजे दोन शहरांमधला हवाई रस्ता ज्याच्या जमिनीवरून जातो, त्याच्या होकारावर चालतो, हे मुंबईच्या बाबतीत अगदी पहिल्या दिवसांपासून खरं आहे.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन कैरो आणि जिनिव्हा असे थांबे करत लंडनला गेलं. त्या विमानात एका दमात लंडन गाठण्याइतकं इंधन मावत नसे आणि प्रत्येक थांबा काही तास खात असे. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक थांब्याबरोबर ढगांतून खाली उतरण्याचा धोका पुन्हा पत्करावा लागे. हेच मलबार प्रिन्सेस ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाकडे जाताना माँ ब्लां पर्वतावर आदळलं आणि त्यातले सर्व ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून लंडनला निघालेलं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ त्याच पर्वतावर, तेही जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना कोसळलं. ११७ जण मृत्युमुखी पडले, त्यांत होमी भाभा होते. मुंबई ते लंडन न थांबता जाण्याने वाचतात ते नुसते तास नाहीत, हे या दोन अपघातांकडे पाहून कळतं.

आज थांबे गेले. परवानगीचा प्रश्न मात्र तसाच आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्याच कलमात प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण आणि एकमेव सार्वभौमत्व दिलेलं आहे. वरून जाणाऱ्या विमानाने शुल्क भरायचं आणि तो देश नाही म्हणाला तर वळसा घ्यायचा.

आता दोऱ्याची वाट या नजरेने पाहा. पहिला परका देश पाकिस्तान. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून त्याने आपलं आकाश बंद केलं, ते पूर्णपणे उघडलं १६ जुलैला. पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं, भारतानेही तसंच केलं, आणि पुढे मुदत महिन्यामागून महिना वाढत गेली. पुढचा देश इराण. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले आणि इराण, इराक, जॉर्डन यांची आकाशं तासाभरात रिकामी झाली. त्या दिवशी मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान वाटेतूनच फिरून मुंबईला परत आलं. त्यापुढे क्रिमिया आणि युक्रेन. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. जगातल्या फार थोड्या शहरजोड्यांची सर्वांत जवळची वाट इतक्या वेगवेगळ्या संघर्षांवरून जात असेल.

म्हणून मुंबईचं भारतीय विमान बऱ्याचदा अरबी समुद्रावरून ओमानकडे वळतं आणि तिथून त्या दिवशी जी आकाशं उघडी असतील त्यांवरून युरोप गाठतं. नकाशावरची ती पट्टीची रेघ, जी दोऱ्यापेक्षा २०० किलोमीटर लांब होती, तिच्याही दक्षिणेला कधी कधी जावं लागतं. ड्रीमलायनर जातीचं विमान तासाला साधारण पाच टन इंधन जाळतं. अर्ध्या तासाचा वळसा म्हणजे अडीच टन, आणि तो खर्च शेवटी तिकिटातच येतो. मुंबईकरांना त्यातल्या त्यात दिलासा एवढाच की त्यांच्या दारात समुद्र आहे. दिल्लीच्या विमानाला आधी खाली गुजरातकडे येऊनच वाट धरावी लागते, त्यामुळे तिथला वळसा अधिक मोठा असतो.

राहिला घड्याळाचा भाग, तो लहान आहे पण सर्वाधिक लोक त्यातच फसतात. तिकिटावरची निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ ला निघालेलं विमान लंडनला संध्याकाळी साडेसहाला उतरलं, तर कागदावर साडेचारच तास दिसतात. त्यात साडेपाच तास मिळवा, मग खरे १० निघतात. परत येताना रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबईत उतरलात, तर दिसतात साडेचौदा आणि असतात ९. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमध्ये घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा हा फरक साडेचार तासांचा धरायचा. जाता जाता एक आठवण करून देतो. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबईने तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत टिकवली होती. मलबार प्रिन्सेस निघालं तेव्हा शहरात दोन वेळा नांदत होत्या.

तेव्हा लंडनला जायचं असेल आणि तिथून पुढे एडिंबरा किंवा न्यूयॉर्कचं विमान पकडायचं असेल, तर अंतराच्या आकड्यावर विसंबू नका. निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ आधी एकाच गावच्या घड्याळात आणा. मग गेल्या पंधरवड्यात ते विमान प्रत्यक्षात किती वाजता उतरलं ते पाहा. उड्डाणांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर ही माहिती फुकट मिळते. दोन विमानांमध्ये निदान तीन तास ठेवा, आणि शक्य असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. पहिलं विमान उशिरा पोहोचून दुसरं चुकलं, तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी मग कंपनीवर राहते.